फाइल आली, पण सेवा का उठली नाही?

बेळगावच्या खडेबाजारातलं फ्लेक्स छापणारं एखादं दुकान घ्या. गणपतीच्या तोंडावर मराठी-कन्नड बॅनरांची रीघ लागलेली असते. अशा ठिकाणी एक सोय फार कामाला येते: डिझायनरने ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइल टाकायची, पुढचं काम पडद्याआड चालणारी सेवा आपोआप करते. एखाद्या दिवशी मात्र फाइल तशीच पडून राहते, आणि बोल प्रिंटरला लागतो.

लिनक्सवर फोल्डरवरची ही पाळत कर्नलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातली, ‘इनोटिफाय’ यंत्रणा ठेवते. ती २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीत आली. पडद्याआडच्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे सिस्टिमडी. त्याचं ‘पाथ युनिट’, म्हणजे कुठला फोल्डर पाहायचा आणि कोणती सेवा उठवायची हे सांगणारी मांडणी, तिच्याच जोरावर सेवेला उठवतं. इनोटिफाय दारावरच्या घंटीसारखी आहे: कुणीतरी आलं हे ती सांगते, पुढचं काम करत नाही. म्हणून बिघाड शोधताना आधी घंटी वाजली का ते पाहावं. ‘इनोटिफायवेट’ ही फोल्डरमधले बदल पडद्यावर दाखवणारी आज्ञा चालू ठेवून फोल्डरमध्ये एक फाइल टाका. तिथे नोंद उमटली, तर दोष पुढे आहे. ‘जर्नलसीटीएल’ या सिस्टिमडीच्या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने सेवेच्या नोंदी वाचा. बऱ्याचदा सेवा ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते, त्याला ती फाइल वाचायची परवानगीच नसते.

नोंदच उमटली नाही, तर फोल्डर खरोखर कुठल्या मशीनवर आहे ते विचारा. हा मुद्दा भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. इनोटिफायला आपल्याच कर्नलमार्फत झालेले बदल कळतात. फोल्डर शहापुरातल्या दुसऱ्या सर्व्हरवरून नेटवर्कने जोडलेला असेल आणि फाइल तिकडे कुणी टाकली असेल, तर इकडे काहीच कळत नाही. अशा वेळी पाळत त्या सर्व्हरवरच ठेवावी, नाहीतर टायमर लावून दर मिनिटाला फोल्डर तपासावा. पोटफोल्डरवरही आपोआप पाळत बसत नाही.

उलटा त्रासही होतो. मोठी फाइल अजून उतरत असते आणि सेवा अर्धवटच उचलते. पाथ युनिटमध्ये कशावर जागं व्हायचं ते ठरवता येतं. ‘पाथमॉडिफाइड’ हा पर्याय प्रत्येक लेखनाला जागा होतो. ‘पाथचेंज्ड’ प्रत्येक लेखनाला नाही, तर लिहिणाऱ्याने फाइल बंद केल्यावर जागा होतो; पण फोल्डरवर लावला, तर नवी फाइल तयार होतानाही तो जागा होतो. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे फाइल आधी त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरवायची आणि मग एका झटक्यात इकडे हलवायची.

‘डिरेक्टरीनॉटएम्प्टी’ हा पर्याय फोल्डर रिकामा नसला की सेवा सुरू करतो. तो वापरताना काम झालेली फाइल फोल्डरमधून काढलीच पाहिजे. ती तिथेच राहिली, तर सेवा संपल्या संपल्या पुन्हा सुरू होते. दहा सेकंदांत पाच वेळा, ही सिस्टिमडीची मूळ मर्यादा. ती ओलांडली की सेवेबरोबर पाथ युनिटही बंद पडतं. मग नव्या फाइली आल्या तरी कुणी हलत नाही.

शिवाय सेवा आधीच चालू असेल, तर दुसऱ्या फाइलसाठी तिची नवी प्रत सुरू होत नाही. म्हणून माझं ठाम मत असं: कोणती फाइल आली हे घंटीला विचारूच नये. सेवेने उठल्यावर अख्खा फोल्डर पाहावा, असेल ते सगळं उरकावं, आणि थांबण्याआधी एकदा पुन्हा पाहावं.