विषारी माध्यमात रोप किती तग धरतं?

हिरव्या वनस्पतीच्या पेशीत आयसोप्रिनॉइड संयुगं (पाच कार्बनचे तुकडे जोडून बनणारी) बनवायचे दोन मार्ग असतात. पेशीरसातल्या मार्गातून प्रामुख्याने स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जातीची संयुगं, बनतात. हरितलवकातल्या मार्गातून कॅरोटिनॉइडं (पिवळी-नारिंगी रंगद्रव्यं) आणि हरितद्रव्याच्या रेणूची लांब शेपटी. पहिला मार्ग मेव्हिनोलिन अडवतं, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीतलं लोव्हास्टॅटिनच. दुसरा फॉस्मिडोमायसिन अडवतं. हा मार्ग माणसात नाही, पण मलेरियाच्या परजीवीत आहे; म्हणून 1999 पासून मलेरियाविरोधी औषध म्हणूनही त्याचा अभ्यास होतो आहे.

एखादं रोप या औषधांना किती प्रतिकार करतं, या चाचणीसाठी मोहरीच्या कुळातलं अरॅबिडॉप्सिस वापरतात. बी जेमतेम अर्धा मिलिमीटर. ते ब्लीचने निर्जंतुक करून दोन-तीन दिवस थंड अंधारात ठेवतात, म्हणजे सगळं एकदम रुजतं. मग वाढत्या मात्रेत औषध घातलेल्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) थाळ्यांवर ते पेरायचं.

पुढचं प्रत्यक्ष पाहण्यासारखं आहे. फॉस्मिडोमायसिनची मात्रा वाढते तशी रोपं फिकट पडत जातात आणि शेवटी पांढरीफटक होतात. मेव्हिनोलिनच्या थाळीत मुळं खुरटतात. म्हणून एकीकडे ॲसिटोनमध्ये हरितद्रव्य उतरवून ते किती प्रकाश शोषतं ते मोजतात, तर दुसरीकडे थाळी उभी ठेवून, अगारवरून सरळ खाली उतरलेल्या मुळाची लांबी. औषधाविना वाढलेल्या रोपांच्या तुलनेत हा आकडा निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे त्या वाणाच्या प्रतिकाराचं माप. तुलना मात्र एकाच वेळी काढलेल्या, सारख्याच जुन्या बियांची हवी. नाहीतर बियाण्यातला फरकच प्रतिकार म्हणून मोजला जातो.

एवढ्या साध्या मोजणीतून पेशीच्या आतलं कळतं, हे मला फार मोलाचं वाटतं. फॉस्मिडोमायसिन हरितलवकातल्या मार्गातल्या डीएक्सआर या एन्झाइमवरची कच्च्या मालाची जागा बळकावतं. तो कच्चा माल बनवणारं डीएक्सएस हे एन्झाइम भरपूर असेल, तर माल वाढतो, औषधाशी स्पर्धा करतो आणि रोप हिरवं राहतं. काही उत्परिवर्तित रोपांत तर संबंधित जनुकांचा संदेश वाढलेला नसतानाही ही एन्झाइमं साठलेली आढळली. फक्त जनुकांची सक्रियता तपासली असती, तर ही वाढ नजरेतून सुटली असती.

अर्थात, औषध पेशीत नीट पोचलंच नाही, तरीही रोप हिरवं राहील. त्यामुळे थाळीवर तगलेल्या वाणातली एन्झाइमची पातळी नंतर स्वतंत्रपणे तपासावीच लागते.