वर्दीवाले आणि पोरं एकाच तालमीत

25 नोव्हेंबर 2006च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात पोलिसांनी 50 गोळ्या झाडल्या. त्यात शॉन बेल हा 23 वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण गेला. त्याच दिवशी त्याचं लग्न होतं. या घटनेनंतर मानसशास्त्रज्ञ लेनोरा फुलानी यांनी 'कॉप्स अँड किड्स' हा उपक्रम उभा केला. त्यात गरीब वस्त्यांतली मुलं आणि पोलीस आधी मिळून नाटकातले खेळ खेळतात, संहितेशिवाय नाटुकली करतात आणि मगच बोलायला बसतात.

हा क्रम महत्त्वाचा. 1954 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडलं होतं की दोन गट नुसते समोरासमोर आले म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, एकमेकांवाचून काम अडायला हवं आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. रस्त्यावर यातलं काय असतं? 2011 साली न्यूयॉर्क पोलिसांनी लोकांना अडवून चौकशी केल्याच्या 6,85,724 नोंदी आहेत. त्यातल्या जवळपास 88 टक्के वेळा ना अटक झाली, ना समन्स निघालं. भेटी उदंड, पण दर वेळी एकजण भिंतीकडे तोंड करून उभा.

उत्स्फूर्त नाटकाचा साधा नियम म्हणजे समोरच्यानं दिलेलं नाकारायचं नाही, पुढे न्यायचं. समजा, पोरगा म्हणाला, "बापरे, काय पाऊस लागलाय!" तर इन्स्पेक्टरनं नसलेली छत्री उघडायची. "कुठाय पाऊस?" असं विचारलं की प्रसंग तिथंच मेला. इथं हुकूम चालत नाही, आणि अभिनय दोघांनाही येत नसतो. (माझ्या मते खरी समता या फजितीतच आहे.) शिवाय सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की म्हणत, खेळात मूल जणू स्वतःपेक्षा डोकंभर उंच होतं, फुलानींच्या कामामागे हाच विचार आहे.

आता शंका. अशा कार्यशाळेला राजीखुशीनं येणारा पोलीस मुळातच थोडा मवाळ असणार. त्यामुळे कोणाला पाठवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, तरच नाटकाचा परिणाम वेगळा काढता येईल. 2006 साली पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी गटांमधल्या संपर्कावरचे 515 अभ्यास एकत्र तपासले. एकूण कल पूर्वग्रह कमी होण्याकडे होता. पण 2019च्या फेरतपासणीत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले आणि परिणाम निदान एक दिवसानं मोजलेले प्रयोग भरले अवघे 27. त्यातल्या एकाही प्रयोगात पंचविशी ओलांडलेल्यांचा वांशिक पूर्वग्रह तपासलेला नव्हता. पोलीस दलातले बहुतेक जण तर त्याच वयाचे असतात.