गळ्याचा डाव आणि दहा सेकंदांचे शरीरशास्त्र

लास व्हेगासमध्ये शनिवारी रात्री होणाऱ्या यूएफसी या मिश्र युद्धकलेच्या (ठोसे, लाथा आणि जमिनीवरची झोंबाझोंबी सगळेच चालणाऱ्या) स्पर्धेच्या मोठ्या लढती भारतात रविवारी सकाळी थेट दिसतात, त्यामुळे आपल्याकडे मित्रमंडळी टीव्हीसमोर जमते ती बहुधा पोह्यांच्या बशा आणि चहाच्या दुसऱ्या फेरीसह. ठोसे आणि लाथा कोणालाही कळतात. पंचाईत होते ती लढत जमिनीवर गेल्यावर. एक जण दुसऱ्याच्या पाठीवर स्वार होतो, त्याच्या गळ्याभोवती हात घालतो, पाच-सात सेकंद विशेष काही घडत नाही असे वाटते आणि तेवढ्यात खालचा खेळाडू त्या हातावर थापट्या मारून हार मानतो. म्हणजेच ‘टॅप’ करतो. अशा वेळी खोलीत कोणीतरी हमखास म्हणतो, “एवढ्यात सोडलं? मिनिटभर श्वास तर कोणीही रोखेल!”

शंका रास्त आहे, पण ती श्वासाबद्दल आहे आणि हा डाव श्वासासाठी टाकलेलाच नसतो. पाठीवरून टाकलेला हा डाव, म्हणजेच ‘रिअर नेकेड चोक’, नीट बसला, तर श्वासनलिका आवळणाऱ्याच्या कोपराच्या खोबणीत येते आणि बऱ्याच अंशी मोकळी राहते. त्याच्या दंडाचा स्नायू मानेच्या एका बाजूला आणि मनगटाकडचा हात दुसऱ्या बाजूला दाब देतो. नेमक्या याच दोन जागी, त्वचेपासून फारशा खोल नसलेल्या, दोन कॅरोटिड धमन्या मेंदूकडे जातात. मेंदूला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे 80 टक्के रक्त या दोन वाटांनी पोहोचते. उरलेले रक्त नेणाऱ्या व्हर्टिब्रल धमन्या मानेच्या मणक्यांमधील छिद्रांतून वर चढतात, त्यामुळे त्यांना हाडांचे संरक्षण असते. मात्र कॅरोटिड बंद झाल्यावर एवढा मोठा तुटवडा त्यांना ऐन वेळी भरून काढता येत नाही.

न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत या अवयवांवर किती भार पडला म्हणजे ते बंद होतात याचे ढोबळ आकडे दिलेले असतात: मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या जुगुलर शिरांसाठी सुमारे 2 किलो, कॅरोटिड धमन्यांसाठी 5 किलोच्या आसपास आणि श्वासनलिकेसाठी 15 किलो. श्वास कोंडण्याला रक्त अडवण्याच्या तिप्पट ताकद लागत असेल, तर कसलेला खेळाडू कोणता मार्ग निवडेल हे सांगायला नको.

रक्त अडल्यावर मिनिटभराची मुदत का मिळत नाही, याचे कारण मेंदूच्या उधळ्या स्वभावात आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के एकटा वापरतो आणि स्वतःजवळ साठा मात्र जवळपास ठेवत नाही. श्वास रोखल्यावर फुप्फुसांत आणि फिरत्या रक्तात शिल्लक असलेला प्राणवायू मेंदूपर्यंत पोहोचत राहतो, म्हणून मिनिटभर निभावते. धमनीच दाबली गेली, की ती सगळी शिल्लक मानेच्या खाली अडकून पडते.

कॅनडातील संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हे थेट मोजले गेले. संशयिताला आवरण्यासाठी पोलीस वापरतात तशी मानेची पकड 24 निरोगी पोलिसांवरच लावण्यात आली. मानेच्या दोन्ही बाजूंना दाब मोजणारे द्रवाने भरलेले चपटे फुगे होते, डोक्यावर अल्ट्रासाउंडचे उपकरण होते आणि डोळ्यांसमोर एक पेन इकडून तिकडे फिरवले जात होते. पेनाचा पाठलाग करणारी नजर एकाएकी स्थिर झाली, की शुद्ध हरपू लागल्याची ती खूण समजून पकड सैल करायची, असा संकेत होता. सोळा जणांची नजर थिजली, तीही सरासरी साडेनऊ सेकंदांत. मेंदूच्या मधल्या धमनीतील रक्ताचा वेग उजवीकडे सेकंदाला 45 सेंटिमीटरवरून 8 वर आणि डावीकडे 53 वरून 10 वर आला होता. मानेवरचा दाब एका बाजूला सरासरी 257 आणि दुसऱ्या बाजूला 146 मिलिमीटर पारा इतका भरला. रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा फुगवून धमनी क्षणभर बंद करतात, तसाच हा प्रकार.

या अभ्यासाने एक जुना समजही बाजूला सारला. कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते, तिथे रक्तदाबाची जाणीव ठेवणारे मज्जातंतू असतात. ते दाबले गेल्याने हृदयाची गती मंदावते आणि माणूस कोसळतो, असे अनेक प्रशिक्षक सांगत आले आहेत. या पोलिसांत मात्र तसा परिणाम आढळला नाही. रक्तप्रवाह घटला, हेच मुख्य कारण ठरले.

या डावात आरडाओरडा का नसतो, तेही इथेच कळते. श्वास कोंडल्यावर जी घालमेल होते, ती मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. दहा सेकंदांत तो पुरेसा साचतच नाही. नजर अरुंद होते, आवाज दूर गेल्यासारखे वाटतात आणि अनेकांना शुद्ध गेल्याचे कळतही नाही. 5 मार्च 2016 रोजी लास व्हेगासमध्ये तेव्हाची यूएफसी विजेती हॉली होम हिने मीशा टेटविरुद्ध पाचव्या फेरीत टॅप केले नाही. पाठीवर टेट, गळ्यात तिचा हात आणि होम समोरच्या रिकाम्या हवेत ठोसे मारत मारत बेशुद्ध पडली. विजेतेपदही गेले. त्यानंतरच्याच लढतीत नेट डियाझने हाच डाव टाकला, तेव्हा कॉनर मॅकग्रेगरने टॅप करून शुद्ध राखली. त्या सकाळी ज्यांनी दोन्ही लढती पाहिल्या, त्यांना मॅकग्रेगर घाबरला असे वाटले असेल. माझ्या मते त्याचा हिशेब अचूक होता.

आपल्याकडच्या प्रेक्षकाचा डोळा कुस्तीवर तयार झालेला असतो आणि तिथेच तो चकतो. कुस्तीत पाठ जमिनीला लागणे म्हणजे हार, म्हणून मल्ल पोटावर पालथा होतो आणि निर्धास्त राहतो, कारण गळा आवळायला नियमांची परवानगी नसते. मिश्र युद्धकलेत तीच सवय पाठ आणि गळा दोन्ही प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करते. दुहेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय पकडून त्याला पाडताना, डोके पुढे जाते, तेव्हाही मान समोरच्याच्या काखेत आयती सापडू शकते. त्या डावाला गिलोटिन म्हणतात आणि त्यात पकडीनुसार श्वास किंवा रक्त, काहीही अडू शकते. कुस्तीतून आलेला मुंबईचा भारत खंदारे नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला, तेव्हा चीनच्या साँग यादाँगने त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिननेच हरवले.

म्हणून पुढच्या वेळी चेहऱ्याऐवजी हात पाहावेत. बचाव करणारा हनुवटी छातीशी घेऊन दोन्ही हातांनी प्रतिस्पर्ध्याचे मनगट खाली ओढत असेल, तर लढत अजून जिवंत आहे. आवळणाऱ्याचा कोपर हनुवटीच्या बरोबर खाली आला, पंजा स्वतःच्या दुसऱ्या दंडावर बसला आणि दुसरा हात प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यामागे गेला, की पंच वाकून खालच्या खेळाडूचे डोळे पाहू लागतो.

पकड वेळीच सुटली, तर शुद्ध सहसा काही सेकंदांतच परतते. मधल्या काळात हातपाय कधी कधी झटके देतात. हे पाहून दिवाणखान्यात मित्रावर डाव करून दाखवण्याची हुक्की अनेकांना येते, ती मात्र आवरलीच पाहिजे. कॅरोटिडचे आतले अस्तर क्वचित फाटते, रक्त भिंतीच्या थरांत शिरते, तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूकडे सरकल्यास काही तासांनी किंवा दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. मानेत किंवा डोक्यात एका बाजूला नवे दुखणे सुरू होते. कधी त्याच बाजूची पापणी खाली झुकते आणि बाहुली लहान दिसते, कारण डोळ्याकडे जाणारे काही मज्जातंतू याच धमनीच्या भिंतीला चिकटून वर चढतात. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे आणि गळा आवळला गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण चार दिवसांपूर्वीची गंमत त्यांना आपोआप सुचण्यासारखी नसते.