ओटीवरचा राघू, उंबरठ्याबाहेरचा कुत्रा : एका सहवासाची पार्श्वभूमी

पोपट आणि मोठ्या जातीचा कुत्रा एकाच दिवाणखान्यात, एकाच कुटुंबात राहताना आज पुण्या-मुंबईत अनेक ठिकाणी दिसतात. दोन पिढ्यांपूर्वीच्या मराठी घरात मात्र या दोघांच्या जागा ठरलेल्या होत्या. राघूचा पिंजरा ओटीवर किंवा सोप्यात, मांजराची उडी पोहोचणार नाही अशा बेताने आढ्याला टांगलेला असे, आणि कुत्रा उंबरठ्याच्या बाहेर असे. पोपटाला माणसाने रानातून उचलून घरात आणले. कुत्रा आपण होऊन माणसाच्या वस्तीजवळ आला, पण शतकानुशतके त्याला आत घेतले गेले नाही. आजच्या सहवासात जागेचे, कायद्याचे आणि आयुर्मानाचे जे प्रश्न उभे राहतात, त्यांतले बहुतेक या दोन वेगळ्या वाटांवरून आलेले आहेत, अशी माझी धारणा आहे.

माणसासारखे बोलणारा पक्षी ही भारतीय पोपटाची कीर्ती फार लवकर दूरवर गेली. इराणच्या दरबारी असलेल्या क्टेसियस या ग्रीक वैद्याने, हा पक्षी भारतीयांची भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल, असे इसवी सनापूर्वी सुमारे चारशे वर्षे लिहून ठेवले. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत पोपट-मैनांना बोलायला शिकवणे ही एक स्वतंत्र कला आहे. मराठीतला दाखला मला याहून महत्त्वाचा वाटतो. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरीत, सहाव्या अध्यायात, पोपट आणि नळीचा दृष्टान्त येतो. दोरीत ओवलेली पोकळ नळी आडवी टांगून ठेवायची; पोपट तिच्यावर येऊन बसला की त्याच्याच अंगभाराने ती फिरते आणि तो पाय वर, डोके खाली असा लोंबकळू लागतो. त्याला कोणी बांधलेले नसते, नखे सोडली की तो उडून जाऊ शकतो. पण आपण अडकलो आहोत या शंकेने तो नळी अधिकच घट्ट धरतो आणि पकडणाऱ्याच्या हाती अलगद सापडतो. दृष्टान्ताचा आध्यात्मिक अर्थ क्षणभर बाजूला ठेवला, तरी ऐकणाऱ्यांना ही नळी समजावून सांगावी लागत नव्हती, एवढे त्यावरून नक्की दिसते. पोपट धरण्याचा आणि पाळण्याचा व्यवहार तेराव्या शतकात इतका परिचयाचा होता.

त्यानंतरच्या काळात पोपट घरच्या बोलण्यात इतका मुरला की मुलांची नावेही त्याच्यावरून पडली. जात्यावरच्या ओव्यांमध्ये आई आपल्या लेकाला राघू म्हणते आणि लेकीला मैना. पोपटाला आधी विठ्ठलाचे नाव शिकवायचे, ही घरोघरची रीत होती. नर पोपटाच्या गळ्याभोवती दोन-तीन वर्षांच्या वयात काळी-गुलाबी रेघ उमटते, तिला कंठ फुटणे म्हणतात, आणि कंठ फुटला की पोपट बोलू लागतो असा समज आजही ऐकू येतो. वास्तविक त्या रेघेचा बोलण्याशी संबंध नाही. कंठ नसलेली मादीही बोलायला शिकते. आवाज गळ्यातून निघतच नाही. श्वासनलिका छातीत जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते, तिथल्या अवयवात तो तयार होतो आणि जाड, मांसल जीभ त्याला आकार देते. मिरची खाऊन जीभ सैल होते, हा असाच दुसरा समज. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून पोपट ती आवडीने खातो.

माझ्या आजोळच्या सोप्यातला पिंजरा मला स्पष्ट आठवतो. पितळी वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गजांत अडकवलेली पेरूची फोड, आणि समोरच्या बाजूला एका ठिकाणी चोचीने घासून घासून रंग गेल्यामुळे चकाकणारे लोखंड. घरातल्या सगळ्यांचा त्या राघूवर जीव होता, आणि तरी तो गज रोज थोडाथोडा चकाकत गेला. सांगायचे ते एवढेच, की या मायेची सुरुवात झाडाच्या ढोलीपाशी होत असे. साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात पोपट जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. पंख न फुटलेली पिल्ले तिथून काढायची, शहरात आणायची आणि उडू नयेत म्हणून पिसे छाटून विकायची, असा हा धंदा. वाटेत मेलेली पिल्ले कोणाच्या हिशेबात येत नसत. अशा पिल्लाला कळपात राहण्याचे, खाणे शोधण्याचे आणि ससाण्यापासून जपण्याचे शिक्षण मिळालेलेच नसते, त्यामुळे पुढे दयेपोटी पिंजऱ्याचे दार उघडून त्याला सोडणे म्हणजे बहुधा त्याला मरणाच्या दारी सोडणे ठरते.

कुत्र्याचा माग याहून जुना आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या चार मोठ्या मूर्ती सापडल्या. त्यांतल्या बैलजोडी जुंपलेल्या रथाच्या दांडीवर, सारथ्याच्या पुढे, एक कुत्रा उभा आहे. या मूर्तींच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्या इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातल्या असाव्यात असे मानणारे पुष्कळ आहेत. म्हणजे कुत्र्याला गाडीवर सोबत घेऊन निघणारा माणूस महाराष्ट्राच्या मातीत पुरातन काळापासून आहे. धर्मातही कुत्र्याला मान आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री मानून कोटंब्यात अन्न घेत आले आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा तर प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. इतके असूनही प्रत्यक्षातला कुत्रा राखणीपुरता, शिकारीपुरता आणि उरल्या भाकरीपुरता राहिला. देवळातल्या कुत्र्याला नमस्कार करणाऱ्या घरांनीही दारच्या कुत्र्याला उंबरठा ओलांडू दिला नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनांचा त्यात मोठा वाटा होता.

याला अपवाद आढळतात, आणि ते फार बोलके आहेत. सातारचे छत्रपती शाहू महाराज शिकारीत असताना वाघाच्या हल्ल्यातून एका कुत्र्याने त्यांना वाचवले, अशी परंपरा आहे. त्या कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान दिल्याची हकिकत ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आहे, आणि संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते. मुंबईत याच्या पुढच्याच काळात, जून १८३२ मध्ये, मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाने कोटात उग्र निदर्शने केली आणि बाजार बंद पडला. पारशांच्या अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडणे आवश्यक मानले जाते, त्यामुळे कुत्र्यावरचा घाव त्यांना धर्मावरचा घाव वाटला. पुढे याच समाजातल्या दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८३ साली परळला प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली तिथेच पशुवैद्यकीय शिक्षण सुरू झाले. पाळीव प्राण्याला डॉक्टरकडे न्यायचे असते, ही कल्पना मुंबईत रुजली ती इथून.

मोठ्या जातींपैकी दख्खनची स्वतःची म्हणावी अशी जात म्हणजे मुधोळ. खांद्यापाशी सुमारे ७० सेंटिमीटर उंच, लांब पायांची, पोट वर ओढलेली ही शिकारी कुत्री सोलापूर-लातूरकडे कारवान या नावानेही ओळखली जातात. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची पैदास जाणीवपूर्वक जोपासली आणि ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना ती भेट दिली. पुढे २००५ साली टपाल खात्याने मुधोळवर तिकीट काढले, आणि २०१६ मध्ये सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात त्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. मात्र शहरातल्या घरात शिरला तो मुधोळ नव्हे. आल्सेशियन, डॉबरमन, लॅब्राडोर आणि ग्रेट डेन या परदेशी जाती आधी साहेबांच्या बंगल्यांत, मग पोलीस दलात आणि त्यानंतर मध्यमवर्गीय घरांत आल्या. या प्रवासात झंजीर या लॅब्राडोरचा वाटा मी मोठा मानतो. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३ हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढले, आणि २००० साली तो गेला तेव्हा मुंबई पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. एका कुत्र्याच्या मृत्यूची बातमी घरोघरी हळहळत वाचली गेली, आणि कुत्र्याकडे बघण्याची नजर त्या दशकात पालटली.

नजर पालटली तशी घरेही पालटली. वाडे आणि चाळी जाऊन फ्लॅट आले, त्यांना ओटी नव्हती आणि अंगणही नव्हते. पिंजऱ्याला आणि कुत्र्याला एकच खोली उरली. उंबरठा कोणा सुधारकाने ओलांडायला लावला नाही, तो बांधकामाने नाहीसा केला. इमारतीत प्राणी पाळण्यावरून वाद इतके वाढले की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला २०१५ साली, सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे मार्गदर्शन करावे लागले.

पोपटाच्या बाबतीत या सुमारास नेमके उलटे घडत होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली ती १९९०-९१ मध्ये. हिरवा राघू घरात ठेवणे हा तेव्हापासून गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याला पूर्वीच्या चौथ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत घेऊन शिक्षा अधिक कडक केली. ही बाब आजही असंख्य घरांना माहीत नाही. ओव्यांमधला लाडका राघू कायद्याने वन्य प्राणी आहे, हे आजीला पटवणे कठीण असते. या बंदीने एक पळवाटही उघडी ठेवली. परदेशी पोपट कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले, आणि आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा, सन कोन्यूर यांची मागणी वाढत गेली.

ग्रे पोपटाच्या लोकप्रियतेमागे एका पक्ष्याची कीर्ती आहे. आयरीन पेपरबर्ग या संशोधिकेने १९७७ साली शिकागोच्या दुकानातून आणलेल्या अ‍ॅलेक्सने रंग, आकार आणि संख्या यांची नावे नुसती उच्चारली नाहीत, तर विचारलेल्या वस्तूला ती नेमकी लावून दाखवली. ‘पोपटपंची’ या आपल्या शब्दात जो अर्थ आपण गृहीत धरतो, त्याला हा मोठाच धक्का होता. २००७ साली अ‍ॅलेक्स ३१ वर्षांचा होऊन गेला. दुर्दैवाने या कौतुकाची किंमत आफ्रिकेतल्या जंगलांनी मोजली. घानासारख्या देशातून हा पक्षी जवळजवळ नाहीसा झाला, आणि २०१६ साली सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या जोहान्सबर्ग परिषदेत रानातून पकडलेल्या ग्रेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला.

अशा रीतीने कळपातून आलेला पक्षी आणि माणसाळलेला मोठा प्राणी एका छताखाली आले. पोपट काही आठवड्यांत कुत्र्याचे नाव उचलतो आणि मालकाच्या आवाजात त्याला हाक मारतो. कुत्रा उठून येतो आणि रिकाम्या खोलीकडे बघत राहतो. हे पाहिलेल्या माणसाला त्यांच्यातल्या नात्याबद्दल शंका उरत नाही. तरीही त्या दोघांना एकटे सोडू नये, असे पशुवैद्य सांगतात, आणि त्याचे कारण फक्त स्वभावात नाही. कुत्र्याच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले तर खेळताना लागलेला दातही जिवावर बेततो. उलट पोपटाच्या चोचीने कुत्र्याचे नाक फाटू शकते. स्वयंपाकघराची गोष्ट तर अनेकांना अपघातानंतरच कळते. नॉनस्टिकचे रिकामे भांडे गॅसवर जास्त तापले, तर त्यातून निघणाऱ्या वाफेने त्याच घरातला पोपट काही मिनिटांत मरू शकतो, आणि त्याच खोलीतल्या कुत्र्याला काहीही झालेले दिसत नाही.

मोठ्या कुत्र्यांच्या वाट्यालाही आता कायदा आला आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने २३ जातींना हिंस्र ठरवून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास राज्यांना सांगितले. बाधित मालकांचे म्हणणे ऐकून घेतले नाही या कारणाने कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते पत्रक रद्द केले. माझ्या मते जातीपेक्षा जागा आणि व्यायाम यांचा विचार आधी व्हायला हवा होता, कारण दोन खोल्यांत दिवसभर कोंडलेला कोणताही मोठा कुत्रा त्रासलेलाच असतो.

परदेशी पोपटांसाठीचे नियम त्याच्या आधी काही दिवस, फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, अधिसूचित झाले. त्याआधी २०२० साली मालकांनी स्वेच्छेने माहिती द्यावी अशी योजना आली होती. आता सायटीस कराराच्या यादीतल्या प्रत्येक पक्ष्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि जन्म, मृत्यू व हस्तांतरणही कळवावे लागते. या अर्जातल्या हस्तांतरणाच्या रकान्याकडे लोकांनी थांबून पाहावे असे मला वाटते. ग्रेट डेन साधारण आठ-दहा वर्षे जगतो, म्हणजे बहुतेक मालक त्याला निरोप देतात. मोठा मकाव नीट सांभाळला तर पन्नास वर्षे जगू शकतो. पन्नाशीला मकाव घरी आणणाऱ्याने तो रकाना पुढे कोणाच्या नावाने भरला जाईल हे त्याच दिवशी ठरवायला हवे, आणि ज्याचे नाव ठरेल त्याला आतापासूनच त्या पक्ष्याच्या पिंजऱ्याशी रोज थोडा वेळ बसायला सांगायला हवे.