वेरावळचा ‘नरभक्षक’ माणूस खात नाही

बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ वर्षानुवर्षे फिरतोय. होडीएवढा ठिपकेदार मासा, वासलेला जबडा आणि खाली इशारा: ‘सोमनाथला जाताय? समुद्रात नरभक्षक शार्क!’ मासा खरा, मजकूर साफ खोटा. सोमनाथ आणि शेजारच्या वेरावळ बंदराच्या लाटांना जरूर घाबरा, याला नको.

हा व्हेल शार्क, जगातला सर्वांत मोठा मासा. लांबी १२ मीटरच्याही पुढे जाते. तोंडात सुमारे ३,००० दात असतात, पण जेमतेम काही मिलिमीटरचे. चावायला ते कामीच येत नाहीत. जबडा उघडून तो पाणी आत ओढतो आणि कल्ल्यांतून सोडून देतो. वाटेत स्पंजासारख्या जाळ्या असतात. प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), माशांची अंडी, बारीक मासे त्यांत अडकतात, तेवढंच पोटात जातं. घसा इतका अरुंद की माणूस उतरणारच नाही.

तो अंडी घालतो असंही बरीच वर्षं मानत, कारण १९५३ साली मेक्सिकोच्या आखातात एक अंडं सापडलं होतं. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्लं निघाली आणि तो वाद मिटला.

खरं तर जीव धोक्यात होता तो माशाचाच. यकृताच्या तेलासाठी, मांसासाठी सौराष्ट्रात त्याची सर्रास शिकार व्हायची. २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. पण मच्छीमारांचं मन वळवलं ते रामकथाकार मोरारी बापूंनी: ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, तिला मारायचं कसं? आता जाळ्यात व्हेल शार्क अडकला तर मच्छीमार जाळं कापून त्याला सोडतात आणि जाळ्याची भरपाई सरकारकडून घेतात.