जिन्जा की तेरा? टोकियोत टाळी कुठे वाजवायची

मावशीने असाकुसातल्या सेन्सो-जीच्या गाभाऱ्यासमोर दोनदा वाकून दोन खणखणीत टाळ्या वाजवल्या. शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या जपानी आजींनी एक डोळा किलकिला करून पाहिलं आणि परत मिटला. कुणी काही बोललं नाही. टोकियोत असं कुणी बोलत नाही. पण चूक मावशीची नव्हती, माझी होती. आदल्याच दिवशी मेईजी जिंगूत मीच तिला शिकवलं होतं की दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग पुन्हा एकदा वाकायचं. तिच्या लेखी कालचंही मंदिर आणि आजचंही मंदिर.

घोळ तिथेच आहे. मराठीत आपण दोन्हीला मंदिर म्हणून मोकळे होतो. टूरवाल्यांच्या पत्रकात ‘मेईजी मंदिर’ असतं, ‘असाकुसा मंदिर’ही असतं. जपानी माणसाकडे मात्र यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, जिन्जा आणि तेरा (हा आपल्या आकड्यातला तेरा नव्हे). जिन्जा हे शिंतो परंपरेचं, तिथे ‘कामी’ राहतात. तेरा बौद्ध, तिथे बुद्ध, बोधिसत्त्व आणि त्यांच्याबरोबर आलेला मोठा देवपरिवार असतो.

कामी म्हणजे नेमकं कोण, हे मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. डोंगर, झरा, जुनं झाड, गावाची राखण करणारी शक्ती, कधी कर्तबगार माणूस मेल्यानंतर. आपल्या गावदेवीला आणि वेशीवरच्या म्हसोबाला ओळखणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. बौद्ध धर्म जपानमध्ये सहाव्या शतकात कोरियामार्गे आला. तो आला तेव्हा कामी कुठे निघून गेले नाहीत. हजारभर वर्षं दोघं एकाच आवारात नांदले, आणि म्हणूनच आज आपल्याला ते ओळखताना त्रास होतो.

हा संसार बघायला असाकुसाइतकी चांगली जागा दुसरी नाही. भारतीयांची वस्ती असलेल्या निशी-कासाईहून येत असाल तर तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथे गाडी बदलून गिन्झा लाइनने थेट असाकुसा. बाहेर पडलात की कामिनारीमोन या दाराचा तो प्रचंड लाल कंदील. उंची 3.9 मीटर, वजन सुमारे 700 किलो. आधीचं दार 1865 साली जळालं आणि पुढे तब्बल पंचाण्णव वर्षं तिथे दारच नव्हतं. आजचं दार 1960 सालचं, मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतीच्या देणगीतून उभं राहिलेलं. दारातून नाकामिसेची अडीचशे मीटरची दुकानांची गल्ली पार केली की सेन्सो-जी.

कथा अशी. सन 628 मध्ये सुमिदा नदीत जाळं टाकणाऱ्या दोन कोळी भावांना मासे मिळाले नाहीत, एक मूर्ती मिळाली. गावच्या मुखियाने ती ओळखली: कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. (भारतात तो पुरुष, जपानी मनात मात्र बहुधा मायाळू बाईच्या रूपात.) मुखियाने आपल्या घराचंच मंदिर केलं. ती मूर्ती आजही कुणाला दाखवत नाहीत, त्यामुळे गर्दीत टाचा उंचावून काही उपयोग नाही.

आता मुख्य सभागृहाकडे तोंड करून उभे राहा आणि उजवीकडे बघा. दगडी तोरिई दिसेल, दोन खांब आणि वर दोन आडव्या तुळया. ते असाकुसा जिन्जा. तिथे कोण आहे? तेच दोघे कोळी आणि तो मुखिया. ज्यांना देव सापडला तेही देव झाले, फक्त वेगळ्या खात्यात. कान्नोन तेरामध्ये, तिला शोधणारे तिघे जिन्जामध्ये. स्थानिक लोक याला ‘सान्जा-सामा’ म्हणतात, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास इथल्या पालख्या ज्या त्वेषाने खांद्यांवर नाचतात, ते पाहून कोकणातला शिमगा आठवल्याशिवाय राहत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गंमत नावात आहे. ‘सेन्सो’ आणि ‘असाकुसा’ जपानीत एकाच दोन अक्षरांनी लिहितात. बौद्ध तेराने ती चिनी उच्चाराने वाचली, सेन्सो. वस्तीने आणि जिन्जाने ती देशी उच्चाराने वाचली, असाकुसा. आपल्याकडे कागदावर संस्कृत नाव आणि तोंडी गावरान नाव असतं ना, तसंच काहीसं.

आणखी एक उलटी गोष्ट. पर्यटक सेन्सो-जीला ‘प्राचीन’ म्हणत फोटो काढतात, पण 10 मार्च 1945 च्या हवाई हल्ल्यात मुख्य सभागृह जळून गेलं. आजचं 1958 साली बांधलेलं काँक्रीटचं आहे. त्या आगीतून बचावलं ते शेजारचं दुर्लक्षित जिन्जा, तिसरा तोकुगावा शोगुन (म्हणजे लष्करी सत्ताधीश) इएमित्सू याने बांधवून घेतलेलं, 1649 सालचं. म्हणजे ज्याच्याकडे निम्मे लोक पाठ करून सेल्फी घेतात, तीच खरी जुनी वास्तू.

हे दोघं वेगळे केव्हा झाले? 1868 साली. शोगुनांच्या जागी आलेल्या मेईजी सरकारला सम्राटाभोवती उभा केलेला निखळ शिंतो हवा होता, म्हणून हुकूम निघाला की कामी आणि बुद्ध वेगळे करा. कित्येक ठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या, घंटा वितळवल्या गेल्या. उएनोतल्या तोशोगू या जिन्जाचा पाच मजली पॅगोडा वाचला तो एका युक्तीने: पॅगोडा हे बौद्ध लक्षण, म्हणून तो शेजारच्या कानेइजी या तेराचा आहे असं सांगण्यात आलं. आज तो उएनोच्या प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणात आहे. लोक प्राणी बघायला जातात आणि 1639 सालचा मनोरा बोनस म्हणून पाहून येतात.

म्हणजे ‘जिन्जा वेगळं, तेरा वेगळं’ ही काटेकोर रेघ दीडशेच वर्षांची आहे. आजचा दोन वाकणं, दोन टाळ्या, एक वाकणं हा ठराविक नियमही मेईजी काळानंतरच रुळला. मावशीला हे सांगितल्यावर तिचा जीव जरा भांड्यात पडला.

तरीही आज जाणाऱ्याला खुणा माहीत हव्यात. पहिली खूण नावाच्या शेपटीत. शेवटी ‘जी’, ‘इन’ किंवा ‘देरा’ असेल तर तेरा: सेन्सो-जी, झोजो-जी. ‘जिन्जा’, ‘जिंगू’ किंवा ‘ताइशा’ असेल तर कामींचं घर. जपानी छापील नकाशात तेरासाठी चक्क स्वस्तिक असतं, आपल्या नेहमीच्या स्वस्तिकाच्या उलट्या बाजूला वळलेलं, आणि जिन्जासाठी तोरिईचं चिन्ह.

दुसरी खूण दारात. तोरिईला दारं नसतात, ती फक्त चौकट. शब्द आणि आकार दोन्ही आपल्या तोरणाशी नातं सांगतात असं काही अभ्यासक मानतात. बाकीचे मानत नाहीत. तिच्याखालून जाताना मधोमध चालत नाहीत, मधली वाट कामींची. तेराला छपराचं भक्कम दार असतं आणि मोठ्या तेरांमध्ये दोन्ही बाजूंना डोळे वटारलेले निओ नावाचे द्वारपाल. सेन्सो-जीच्या आतल्या होझोमोन दारात ते बघा: एकाचं तोंड उघडं, एकाचं मिटलेलं. उघडं तोंड ‘अ’, मिटलेलं ‘उन्’. संस्कृत बीजाक्षरांतला पहिला आणि शेवटचा ध्वनी. आपला ॐकार भरदार दंडांच्या दोन पहिलवानांत वाटून दिला आहे. पण यावर फार भिस्त ठेवू नका, कारण जिन्जाच्या दारातले कोमाइनु, म्हणजे सिंह-कुत्रेही एक तोंड उघडून आणि एक मिटून बसतात.

तिसरी खूण नाकाने ओळखायची. उदबत्तीचा धूर येतोय? तेरा. सेन्सो-जीसमोरच्या मोठ्या धूपपात्रातला धूर लोक हाताने डोक्यावर, गुडघ्यावर, जिथे दुखतंय तिथे ओढून घेतात. जिन्जात धूप नसतो. तिथे गवताचा जाड वळलेला दोर आणि त्याला लटकणाऱ्या पांढऱ्या कागदी झिगझॅग पट्ट्या दिसतील.

चौथी खूण मला खरं तर पहिली वाटते: स्मशान. तेराच्या मागे थडग्यांची गर्दी असते. झोजो-जी हे तोकुगावांचं कुलमंदिर, तिथे सहा शोगुन पुरले आहेत. त्यांच्या मागे 333 मीटरचा टोकियो टॉवर लालभडक उभा. शहरातलं हे दृश्य मला स्कायट्री या उंच मनोऱ्यावरून दिसणाऱ्या कुठल्याही देखाव्यापेक्षा सरस वाटतं. जिन्जाच्या आवारात मात्र थडगी नसतात. शिंतोत मृत्यू म्हणजे ‘केगारे’, विटाळ. घरात कुणी गेलं तर माणसं काही दिवस जिन्जाची तोरिई ओलांडत नाहीत, तेरात मात्र खुशाल जातात. जिन्जाला सुतक लागतं, तेराला लागत नाही, एवढं मावशीला सांगितलं आणि बाकीच्या खुणा सांगायची गरजच उरली नाही. बाळाला पहिल्यांदा देवापुढे न्यायचं ते जिन्जात, अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने. एकाच घरातली माणसं दोन्हीकडे जातात आणि यात विसंगती आहे असं त्यांना वाटत नाही.

पेटीत नाणं मात्र दोन्हीकडे टाकतात, बहुतेक पाच येनचं. पाच येन म्हणजे ‘गो-एन’, आणि ‘गोएन’चा दुसरा अर्थ ऋणानुबंध. नाणं टाकल्यावर जिन्जात टाळ्या, तेरात नुसते हात जोडून गप्प उभं राहायचं. वेळेचाही फरक लक्षात ठेवा. सेन्सो-जीचं सभागृह सकाळी 6 ला (थंडीत साडेसहाला) उघडतं आणि 5 ला बंद होतं. मेईजी जिंगूला घड्याळ नाही, ते सूर्योदयाला उघडून सूर्यास्ताला बंद होतं, त्यामुळे डिसेंबरात चार वाजता हाराजुकूला उतरलात तर दरवाजाच बघून परत याल. शहराच्या पोटातलं तिथलं ते दाट जंगल, बरं का, नैसर्गिक नाही. 1920 साली हे जिन्जा उभं राहिलं तेव्हा देशभरातून दान आलेली सुमारे एक लाख झाडं लावून ते घडवलं.

आता अपवाद, कारण टोकियो तुम्हाला फसवणारच. आकासाकातलं तोयोकावा इनारी बघा. इनारी म्हटलं की कोल्हे, आणि कोल्हे म्हटलं की जिन्जा, असं सगळीकडे वाचायला मिळतं. इथे कोल्ह्यांच्या दगडी मूर्तींची रांगच रांग आहे. पण हे झेन पंथाचं तेरा आहे! इथली देवता दाकिनितेन, म्हणजे आपली डाकिनी, कोल्ह्यावर बसलेली. टाळी नाही. उलट कान्दा म्योजिन हे पक्कं जिन्जा, अकिहाबाराजवळचं, संगणकासाठी ताईत विकणारं. तिथे पोतं आणि हातोडा घेऊन हसणारा जो गोल गरगरीत दाइकोकू आहे, तो मुळात महाकाल. होय, उज्जैनचा. भस्म लावलेला महाकाल जपानात तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून सुखवस्तू शेठ झाला, मग ‘दाइकोकू’ या उच्चाराच्या सारखेपणामुळे तो एका जपानी कामीशी एकरूप झाला आणि जिन्जात जाऊन बसला. तोरानोमोनच्या ऑफिस इमारतींमध्ये दडलेल्या कोतोहिरागूचा मूळ देव कोंपिरा, संस्कृतात कुंभीर, गंगेतली मगर. उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या बेटावर बेन्झाइतेन, म्हणजे सरस्वती. ती तेरात आहे. इतर अनेक ठिकाणी हीच सरस्वती तोरिईमागे सापडते, तेव्हा देव ओळखीचा निघाला म्हणून टाळीचा प्रश्न सुटत नाही. दार आणि धूर बघा.

असाकुसाला परत जायचं तर सेन्सो-जीपासून दहा मिनिटांवर, नदीच्या अंगाला एक छोटी टेकडी आहे, मात्सुचियामा शोदेन. हे सेन्सो-जीचंच उपमंदिर, म्हणजे तेरा, आणि इथला देव शोदेन म्हणजे साक्षात गणपती. मूर्ती दर्शनाला नसते. नैवेद्य मोदकाचा नाही, मुळ्याचा. आवारातच पांढरे जाडजूड मुळे विकायला ठेवलेले असतात, आणि पायऱ्यांवर, कंदिलांवर जोडमुळ्याचं आणि पैशाच्या थैलीचं चिन्ह कोरलेलं आहे. (मोदक अगदीच हरवला नाही. क्योटोत थैलीच्या आकाराचं एक तळलेलं पक्वान्न मिळतं, त्याचं मूळ मोदकात सांगतात.)

मावशीने मुळा विकत घेतला, पदराने पुसला, आणि पायऱ्या चढून वर ठेवला. मग हात जोडण्याआधी माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, “इथे वाजवायची का रे?”

“नाही.”

“गणपतीपुढे टाळी नाही?” ती म्हणाली. “मग आरती कशी म्हणू?” आणि तिने ती मनातल्या मनात, ओठ हलवत, पूर्ण म्हटली.