रंगप्रेरणा (तंतुकला व क्विल्टिंग)

धागा, लोकर आणि कापड यांच्या कलाकामासाठी रंगसंगती शोधणे आणि ती साहित्यात उतरवणे, याला रंगप्रेरणा म्हणता येईल. विणकाम, भरतकाम, टॅपेस्ट्री (विणून काढलेली चित्रे), फेल्टिंग (लोकर दाबून कापड करणे) आणि क्विल्टिंग (कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवणे) या सगळ्यांना ती लागते. चित्रकार दोन रंग कालवून तिसरा तयार करतो. क्विल्ट शिवणाऱ्याला ती सोय नाही. त्याच्यापुढे आधीच रंगलेले तुकडे असतात आणि त्यांतूनच भागवायचे असते. कापड किंवा लोकर घरी रंगवणारेही आहेत, पण थोडे. त्यामुळे समोरच्या दृश्यातला रंग जसाच्या तसा सहसा मिळत नाही. त्या दृश्यातून उचलता येते ते रंगांचे प्रमाण, उजळ-गडदाची मांडणी आणि कोणता रंग कोणाच्या शेजारी आहे हे. छटा थोडी इकडेतिकडे झाली तरी चालते, ही तीन गोष्टींची घडी बिघडली तर मात्र मूळ दृश्य ओळखू येत नाही.

शेजाराचा परिणाम किती मोठा असतो, याचा नियम शास्त्राने नीट मांडला तो मुळी धाग्यांमुळे. पॅरिसच्या गोबेलँ टॅपेस्ट्री कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्हरल यांची 1824 मध्ये रंगाई विभागाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. काळी लोकर निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणली की फिकी पडते, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. काळ्या रंगात खोट निघाली नाही. शेजारचे रंगच त्याचे तेज खात होते. प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्यावर स्वतःच्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो, हा ‘समकालिक विरोधा’चा नियम त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. पुढे चित्रकारांनी तो उचलून धरला. कापडाच्या दुकानात गठ्ठ्यावर आवडलेला राखाडी तुकडा घरी पिवळ्याशेजारी ठेवताच जांभळट का दिसतो, याचेही उत्तर यात आहे. म्हणून तुकडे एकेकटे निवडू नयेत, सोबत्यांच्या शेजारी ठेवून निवडावेत.

प्रेरणेचा स्रोत काहीही असू शकतो: दगडावरचे शेवाळ, गंजलेला पत्रा, कबुतराची मान, जुने लघुचित्र, पोपडे निघालेली भिंत. स्रोतापासून धाग्यापर्यंत यायचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे पुठ्ठ्याची पट्टी. दगडफुलाने भरलेल्या एका खडकाचे छायाचित्र घ्या. पहिल्या नजरेला सगळे करडेच वाटते. जवळून पाहिले की करड्यात हिरवट झाक असते, कडांना पांढुरकी किनार असते, फटींत जवळजवळ काळा रंग असतो आणि कुठेतरी नखाएवढा मोहरी-पिवळा ठिपका असतो. आता पट्टीवर त्याच प्रमाणात धागे गुंडाळायचे: करड्या-हिरवटाचे भरपूर वेढे, पांढुरक्याचे मोजके, काळ्याचे चार-पाच आणि पिवळ्याचा एकच. तो पिवळा वेढा काढून पाहिला की सगळी पट्टी मरगळते. पाच वेढे दिले की खडक नाहीसा होऊन नुसते पिवळे-करडे पट्टे उरतात. क्विल्टसाठी हाच प्रयोग कापडाच्या बारीक पट्ट्या कागदावर चिकटवून होतो. छायाचित्रातून पाच चौकोनी रंग काढून देणारी संगणकीय साधने आहेत, पण त्यातली बरीचशी पाचही रंगांना सारखीच जागा देतात. नेमके प्रमाणच हरवते, म्हणून त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

प्रमाणाला आकड्यांत बसवायचाही प्रयत्न झाला आहे. स्विस चित्रकार व कलाशिक्षक योहानेस इटेन यांनी 1961 मध्ये, जर्मन कवी गटेच्या अंकांचा आधार घेऊन, समतोल राखणारी क्षेत्रफळे सांगितली: पिवळा 3, केशरी 4, तांबडा 6, हिरवा 6, निळा 8, जांभळा 9. थोडक्यात, एका पिवळ्या तुकड्याला तीन जांभळे. हे हिशेब पूर्ण तेजाच्या रंगांना लागू पडतात. कापडाचे रंग बहुधा दबलेले असतात, तेव्हा या अंकांकडे नियम म्हणून न पाहता अंदाज म्हणून पाहिलेले बरे.

नवशिक्यांचे काम फसते ते बहुतेक वेळा छटेमुळे नाही, उजळ-गडदामुळे. लाल आणि हिरवा कितीही वेगळे असोत, दोघांचा गडदपणा सारखा असेल तर लांबून त्यांची नक्षी एकमेकांत मिसळते. लॉग केबिन या जुन्या क्विल्ट-नमुन्यात मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत जातात, अर्ध्या बाजूला उजळ आणि अर्ध्या बाजूला गडद. तेच चौकोन फिरवून मांडले की कधी तिरपे पट्टे दिसतात, कधी एकात एक बसलेले समभुज चौकोन. त्यात शेकडो वेगवेगळी कापडे असली तरी नक्षी फक्त उजळ-गडदाच्या जोरावर उभी राहते. स्कॉटलंडच्या फेअर आयल बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकरकामात एका ओळीत दोनच रंग चालवतात, जमिनीचा (पार्श्वभूमीचा) आणि नक्षीचा. दोन्ही हळूहळू बदलत नेता येतात, पण त्यांच्यातले उजळ-गडदाचे अंतर कायम ठेवावे लागते. तपासणीसाठी डोळे किलकिले करून पाहणे पुरते. फोनवर कृष्णधवल छायाचित्र काढणे आणखी खात्रीचे. लाल काचेतून पाहण्याची पद्धतही आहे, मात्र तिच्यातून तांबडे रंग आहेत त्यापेक्षा उजळ दिसतात आणि हिरवे गडद, हे ध्यानात ठेवावे.

विणलेल्या कापडात आणखी एक गोष्ट घडते: बारीक धागे लांबून डोळ्यातच मिसळतात. ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा घेतला की धूपछाव कापड होते. जाड धाग्यात तेच रंग वेगवेगळे दिसत राहतात. विरुद्ध रंगांचे बारीक धागे एकत्र विणले तर मात्र दोन्ही तेज गमावून मातकट होतात. ही मातकट झाक मुद्दाम वापरणाऱ्यांत स्कॉटलंडचे ट्वीड (जाड लोकरी कापड) विणणारे आघाडीवर होते. एकोणिसाव्या शतकात तिथल्या जमीनदारांनी आपापल्या डोंगराळ प्रदेशाच्या रंगांत मिसळून जाणारी ट्वीड विणून घेतली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या नावावर असलेले बाल्मोरल ट्वीड लांबून त्या भागातल्या ग्रॅनाइटसारखे करडे दिसते. जवळून पाहिले तर त्यात गडद आणि पांढरे धागे व मधूनच किरमिजी ठिपके आहेत. निसर्गातून रंग घेण्याचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण. हॅरिस ट्वीडमध्ये लोकर कातण्याआधीच रंगवतात, म्हणून एका धाग्यातच अनेक छटा गुंफलेल्या असतात.

टंचाईतूनही रंगसंगती जन्मते, आणि या नोंदकाराच्या मते सर्वांत धीट क्विल्ट तिथलेच आहेत. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून क्विल्ट शिवले: विटलेली डेनिम, खिसे उसवल्यावर उरलेली गडद निळी जागा, खाकी. 1970च्या दशकात सीअर्स कंपनीसाठी उशांचे अभ्रे शिवताना उरलेले कॉर्डरॉय हाती आले आणि त्या क्विल्टमध्ये हिरवे, सोनेरी, तांबडे पट्टे आले. पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातल्या आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या स्त्रियांनी छापील कापड टाळून कपड्यांच्याच सपाट रंगांच्या लोकरी कापडांत काम केले. त्यांत वांगी रंगाशेजारी गडद तांबडा येतो, मोरपंखीशेजारी जांभळा येतो, आणि रंग धगधगतात. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर लावले, तेव्हा अमूर्त चित्रकलेशी त्यांचे साम्य पुष्कळांना प्रथमच जाणवले. उलट दिशेचा प्रवास त्याआधीच झाला होता. चित्रकार सोनिया देलोने यांनी 1911 मध्ये आपल्या तान्ह्या मुलासाठी, लहानपणी पाहिलेल्या शेतकरी घरांतल्या कामासारखी, तुकड्यांची गोधडी शिवली. त्यांच्या पुढच्या अमूर्त चित्रांची वाट तिथून निघाली.

छापील कापडाच्या किनारीवर छोटे रंगीत ठिपके असतात, छपाईतल्या प्रत्येक शाईचा एक. नक्षीत न जाणवलेला एखादा रंग तिथे उघडा सापडतो आणि त्याला जुळणारे सपाट कापड शोधता येते. मोठ्या नक्षीचे कापड मात्र फसवे; लहान तुकडे कापल्यावर एकात नुसते पान येते, दुसऱ्यात नुसते फूल, आणि ते एकाच कापडाचे वाटत नाहीत.

निवड कोणत्या उजेडात होते यावरही बरेच अवलंबून असते. दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन धागे दिवसाच्या उजेडात वेगळे पडू शकतात, कारण दोघांतली रंगद्रव्ये वेगळी असतात. फोनचा कॅमेराही रंग आपल्या मनाने सुधारतो. त्यामुळे अंतिम जुळणी दिवसा खिडकीजवळ, प्रत्यक्ष धागा हातात घेऊन करावी. मखमल आणि रेशीम एकाच रंगात बुडवले तरी मखमल गडद भासते आणि रेशीम चमकते.

जुन्या क्विल्टवरून रंग उचलताना एक सावधगिरी हवी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले काही कृत्रिम हिरवे रंग इतके कच्चे होते की त्या काळच्या तांबड्या-हिरव्या फुलांच्या क्विल्टमधली पाने आज फिकट तपकिरी झाली आहेत. ती पाने पाहून कोणी तांबडा-तपकिरी मेळ नव्याने बांधला, तर तो शिवणाऱ्या बाईने कधी पाहिलेलाही नसतो. मूळ रंग पाहायचा तर शिवणीच्या आत दुमडलेली, उजेड न लागलेली कड जिथे उसवली असेल तिथे पाहावी.